पडदा कोणाची जागा घेतो?

२०२६-२७ या एकाच शैक्षणिक वर्षाशी सरकारनं दोन गोष्टी बांधल्या आहेत. पहिली जुनी. जुलै २०२१ मध्ये 'निपुण भारत' अभियान सुरू झालं तेव्हा असं ठरलं, की २०२६-२७ पर्यंत देशातलं प्रत्येक मूल तिसरी संपताना समजून वाचू शकेल आणि साधे हिशेब करू शकेल. दुसरी नवी. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं जाहीर केलं, की २०२६-२७ पासून तिसरी आणि पुढच्या वर्गांना कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवायला सुरुवात होईल. वर्ष तेच आणि इयत्ताही तीच. दुसरी घोषणा गाजली, पहिलीची आठवण फारशी कोणी काढली नाही. ग्रामीण मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या 'असर' या पाहणीत २०२४ मध्ये ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये हेच प्रमाण १६.३ टक्के होतं, तेव्हा सुधारणा झाली आहे आणि ती करून दाखवणाऱ्या शिक्षकांना तिचं श्रेय द्यायलाच हवं. तरीही चारांतली तीन मुलं अजून अलीकडच्या काठावर आहेत.

या पार्श्वभूमीवर वर्गातल्या तंत्रज्ञानाबद्दल जे बोललं-लिहिलं जातंय ते वाचून अस्वस्थ व्हायला होतं. एक बाजू म्हणते, जग कुठं चाललंय बघा, आपली मुलं मागं पडतील. टॅब द्या, स्मार्ट टीव्ही बसवा. दुसरी बाजू म्हणते, पडदा म्हणजे विष. मुलांचे डोळे गेले, एकाग्रता गेली, सगळं काढून टाका. दोघांच्याही हातात एकेक परदेश आहे. पहिल्यांकडे कधी चीन, कधी सिंगापूर, दुसऱ्यांकडे स्वीडन. आणि दोघांच्याही बोलण्यात तो वर्ग कुठंच नाही, ज्यात दोन शिक्षक चार इयत्ता सांभाळतात, भिंतीवर लोकवर्गणीतून आलेला एक टीव्ही आहे आणि वीजबिल थकल्यामुळे तो बंद आहे.

माझं म्हणणं असं आहे. पहिली ते चौथीच्या वर्गात कोणतंही यंत्र आलं, की ते कोणाची तरी जागा घेतं. ती जागा कोणाची, यावर त्याचं बरंवाईट ठरतं. शिक्षकाच्या बोलण्याची, मुलाच्या हाताची, बाकावरच्या दोन मुलांमधल्या कुजबुजीची जागा ते घेत असेल, तर ते कितीही महाग आणि सुंदर असलं तरी शिकणं कमी होतं. वाया जाणाऱ्या वेळेची, न मिळणाऱ्या सरावाची, मुलाला न कळणाऱ्या भाषेची जागा घेत असेल, तर ते वरदान ठरू शकतं. आणि आज आपल्या शाळांत तंत्रज्ञानानं सगळ्यात मोठी जागा घेतली आहे ती शिक्षकाच्या वेळेची. त्याबद्दल कोणतीच बाजू बोलत नाही.

आधी स्वीडनचं बघू, कारण तो दाखला रोज कोणत्या ना कोणत्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फिरतोच. स्वीडनमध्ये चौथीच्या मुलांचं वाचन मोजणाऱ्या आंतरराष्ट्रीय चाचणीतला सरासरी गुणांक २०१६ ते २०२१ या काळात ५५५ वरून ५४४ वर आला. २०२३ मध्ये तिथल्या सरकारनं छापील पाठ्यपुस्तकांसाठी पैसे दिले आणि बालवाडीत डिजिटल साधनं वापरलीच पाहिजेत ही सक्ती काढायचं ठरवलं. हे सगळं खरं आहे. पण तिथं पुस्तक काढून मुलाच्या हातात यंत्र दिलं गेलं होतं. पडद्यानं पुस्तकाची जागा घेतली होती. आपल्याकडे बालभारतीचं पुस्तक जूनमध्ये मुलाच्या दप्तरात येतं, पण त्यापलीकडे घरात छापील अक्षर असेलच असं नाही. स्वीडननं पुस्तकांकडे परत जाणं आणि आपण पुस्तकांपर्यंत पोचणं हे दोन वेगळे प्रवास आहेत. स्वीडनकडून घ्यायचंच असेल तर त्यांचा निष्कर्ष उचलण्यापेक्षा त्यांची सवय घ्यावी. चुकलं असं दिसल्यावर त्यांनी सरकारी पातळीवर ते मोकळेपणानं मान्य केलं.

आता तंत्रज्ञान हवंच म्हणणाऱ्या बाजूचा सगळ्यात बळकट मुद्दा. श्रीमंताच्या मुलाकडे सगळं आहे, मग जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलालाच 'तुला पाटी-पेन्सिल बरी' असं सांगणारे आपण कोण? हा प्रश्न टाळता येत नाही. ज्या समाजात शतकानुशतकं काहींना अक्षरापासून लांब ठेवलं गेलं, तिथं 'हे तुमच्यासाठी नाही' या वाक्याचा संशय घ्यायलाच हवा. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातली पष्टेपाड्याची शाळा डिजिटल झाली, तेव्हा एका आदिवासी पाड्यावरच्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना जो मान वाटला, तो खोटा नव्हता. पुढं २२ जून २०१५ च्या शासन निर्णयानं 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाला, गावोगाव लोकवर्गणी निघाली, प्रोजेक्टर आले, भिंती रंगल्या. इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये बसणारी मुलं काही गावांत परत आली. मराठी शाळा ही आपली शाळा आहे, तिच्यासाठी खिशात हात घालायला हवा, हे गावाला वाटणं ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती घडवण्यात त्या पडद्याचा वाटा होता. हे मी पूर्णपणे मान्य करतो.

पण समतेचा हा मुद्दा इथं थांबत नाही. १८८२ मध्ये महात्मा फुले यांनी ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं, तेव्हा बहुजनांच्या मुलांसाठी त्यांनी काय मागितलं? प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, शिक्षक प्रशिक्षित असावेत, त्यांना महिन्याला बारा रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, मोडी आणि बाळबोध वाचता-लिहिता यावं, हिशेब यावा, शेतीची माहिती मिळावी. वरच्या वर्गांच्या मुलांकडे जे दिमाखदार आहे ते आम्हालाही द्या, अशी ती मागणी नव्हती. ज्या गोष्टीमुळे माणूस कोणाच्या फसवणुकीला बळी पडणार नाही ती गोष्ट द्या आणि ती देणारा माणूस चांगला, शिकलेला, पोटभर पगार मिळवणारा असू द्या, अशी होती. श्रीमंताच्या मुलाकडे टॅब असतो हे खरं. त्याच्याकडे टॅब येण्याआधी गोष्टी वाचून दाखवणारी आई असते, घरात पुस्तकांचं कपाट असतं, शिकवणीच्या बाई असतात. गरिबाच्या मुलाला त्यातली फक्त टॅबची नक्कल देऊन समता येत असेल, तर ती फार स्वस्तातली समता झाली.

दुसरा बळकट मुद्दा पुराव्याचा. यंत्रानं मुलं शिकतात हे सिद्ध झालंय, असं म्हटलं जातं. झालंय, आणि तेही आपल्या शेजारी. या शतकाच्या सुरुवातीला वडोदऱ्यातल्या महापालिकेच्या शाळांत चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर दोघं, असे गणिताचे खेळ दिले गेले. 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेचा कार्यक्रम आणि अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व सहकाऱ्यांचा अभ्यास. दुसऱ्या वर्षी गणिताचे गुण जवळपास अर्ध्या प्रमाण विचलनाइतके (मुलामुलांच्या गुणांतला फरक मोजायचं हे संख्याशास्त्रातलं माप) वाढले. शिक्षणातल्या प्रयोगांत हा परिणाम मोठाच समजतात. पण त्याच अभ्यासाची दुसरी बाजू होती 'बालसखी'. मुंबई आणि वडोदऱ्यात, मागं पडलेल्या मुलांना वर्गाबाहेर काढून वस्तीतल्याच एका शिकलेल्या मुलीनं रोज दोन तास मुळापासून शिकवायचं. तिनंही गुण वाढवले. संगणकापेक्षा कमी वाढवले, पण खर्चाच्या हिशेबात ती संगणकाला कितीतरी भारी पडली. आणि कार्यक्रम संपल्यावर वर्षभरानं पाहिलं, तर मिळवलेलं बरंचसं ओसरलं होतं.

याहून डोळे उघडणारा प्रयोग गुजरातमधल्याच ज्ञानशाला संस्थेच्या वर्गांत झाला. ली लिंडन या अभ्यासकानं दुसरी-तिसरीच्या मुलांवर तोच प्रकार दोन पद्धतींनी करून पाहिला. सॉफ्टवेअर एकच. काही ठिकाणी ते शाळेच्या वेळात, शिकवण्याच्या ऐवजी वापरलं. काही ठिकाणी शाळा सुटल्यावर, शिकवण्याच्या जोडीला. शाळा सुटल्यावर वापरलं तिथं मुलं पुढं गेली. शिकवण्याच्या ऐवजी वापरलं तिथली मुलं, संगणक न मिळालेल्या मुलांपेक्षाही मागं पडली. यंत्र तेच, धडे तेच, वयही तेच. फरक फक्त एवढाच की ते कोणाची जागा घेत होतं. हा निष्कर्ष आपल्या प्रत्येक खरेदीच्या फाइलवर पहिल्या पानावर लिहायला हवा होता. त्याऐवजी आपण तासिकेच्या वेळापत्रकात 'डिजिटल तास' कोंबतो, तो भाषेच्या तासातून काढतो, आणि छायाचित्र वर पाठवतो.

असं का होतं, हे एका उदाहरणात जवळून बघण्यासारखं आहे. बावन्नातून सत्तावीस वजा करायचे. तिसरीतलं एक मूल उत्तर देतं पस्तीस. टॅबवरचं साधं अ‍ॅप काय करतं? लाल फुली येते, 'पुन्हा प्रयत्न कर' असा आवाज येतो, मूल दुसरा पर्याय दाबतं, मग तिसरा, आणि पंचवीसवर टाळ्या वाजतात. नोंद होते की मुलानं गणित सोडवलं. आता तेच उत्तर एका जाणत्या बाईंपुढं येऊ द्या. पस्तीस म्हटल्याबरोबर त्यांना कळतं, की या पोरानं वरच्या दोनातून खालचे सात जात नाहीत म्हणून सातातून दोन काढले आणि पाच मांडले. त्याच्या दृष्टीनं वजाबाकी म्हणजे मोठ्यातून लहान काढणं. त्या 'चुकलं' म्हणत नाहीत, 'कसं केलंस सांग' म्हणतात. मग काड्या काढतात. पाच गठ्ठे दहा-दहाचे, दोन काड्या सुट्या. 'आता सात दे मला.' मूल दोन देतं आणि अडतं. गठ्ठ्याकडे बघतं, बाईंकडे बघतं. एका गठ्ठ्याचं रबर काढायला त्याचा हात पुढं होतो, आणि हातचा म्हणजे काय हे त्या क्षणी त्याला कळतं. ते रबर सोडणं हाच तो धडा आहे. पडद्यावर गठ्ठा आपोआप सुटतो, छान आवाज करून सुटतो, आणि मूल ते नुसतं बघत राहतं.

कोणी म्हणेल, ही तुलना बरोबर नाही. हल्लीची चांगली सॉफ्टवेअरं अशा चुका ओळखतात, त्या मुलाला त्याच्या पातळीवर नेऊन शिकवतात. हेही खरं आहे. दिल्लीत शाळेबाहेरच्या केंद्रांवर 'माइंडस्पार्क' नावाचं असं सॉफ्टवेअर वापरलं गेलं तेव्हा साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत मुलांची ठळक प्रगती झाली. त्याचं मुख्य कारण हेच, की सहावीतल्या मुलाला तिसरीचं येत नसेल तर ते तिसरीपासून सुरू करत होतं. पण ती मुलं बहुतेक वरच्या वर्गांतली होती, त्यांना अक्षरओळख होती, केंद्रावर मदतीला माणूस होता आणि हा सगळा वेळ शाळेव्यतिरिक्तचा होता. शिवाय निविदा निघते तेव्हा सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला काम मिळतं. मुलाची चूक वाचणारं सॉफ्टवेअर महाग असतं. पाठ्यपुस्तकाची पानं हलवून दाखवणारे व्हिडिओ स्वस्त. आपल्या वर्गात काय येतं, हे वेगळं सांगायला नको.

यंत्र शिक्षकाची जागा घेईल ही आशा आजची नाही, आणि तिची एक कहाणी तर आपल्याच धुळाक्षरांतून सुरू झालेली आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथालयात अँड्र्यू बेल नावाचा पाद्री शिकवायला होता. आपल्याकडची मुलं वाळूवर बोटानं अक्षरं गिरवतात आणि मोठी मुलं धाकट्यांना शिकवतात, हे त्यानं पाहिलं. १७९७ मध्ये त्यानं ते लंडनमध्ये छापून प्रसिद्ध केलं. जोसेफ लँकेस्टरनं असंच तंत्र उभारलं आणि एक मास्तर हजार मुलांना शिकवू शकतो, असा दावा केला. सरकारांना आणि धर्मादाय संस्थांना हे फार आवडलं, कारण त्यात मास्तर कमी लागत होते. शिट्ट्या, तक्ते, रांगा, हुद्दे. सगळं घड्याळासारखं चाले. मुंबई इलाख्यातल्या सुरुवातीच्या शाळांतही ही पद्धत आली. पण मुलं पाठ म्हणायला शिकत होती, समजून वाचायला नाही, हे दिसत गेलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडनं शिक्षक तयार करण्याची दुसरी वाट धरली. त्या सगळ्या पद्धतीतलं टिकलं काय? बोटानं अक्षर गिरवणं, आणि थोरल्या मुलानं धाकट्याजवळ बसून शिकवणं. शिक्षक वाचवण्याचं जे मूळ गणित होतं, तेच टिकलं नाही.

पुढच्या इतिहासात तर आपण स्वतः होतो. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं वर्षभर, सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहावरून दूरचित्रवाणी पोचवण्याचा 'साइट' प्रयोग झाला. सकाळचे कार्यक्रम खास शाळकरी मुलांसाठी. जगात असं कोणी केलं नव्हतं, आणि इस्रोच्या अभियंत्यांनी ते ज्या जिद्दीनं केलं त्याचा अभिमान वाटलाच पाहिजे. त्यातूनच पुढं १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी उभी राहिली. तिची सुरुवातीची धून आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्यांना झोपेतही ओळखता येईल. तिथं चांगली माणसं होती, चांगले कार्यक्रम झाले. २०१७ मध्ये ती बंद झाली. शाळांना दिलेल्या टीव्हींचं काय झालं, हे मुख्याध्यापकांच्या कपाटांना विचारा. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात खैरातच्या शाळेत प्रत्येक मुलाच्या हातात हिरवा-पांढरा छोटा लॅपटॉप आला. 'एका मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक मोहिमेची भारतातली ती पहिली शाळा. त्याच मोहिमेत पेरू देशानं लाखो लॅपटॉप घेतले आणि मग ३१९ शाळांत नीट मोजून पाहिलं. मुलांच्या गणितात आणि भाषेत काहीही फरक पडलेला नव्हता. दर वेळी यंत्र बदललं, आश्वासन तेच राहिलं, आणि दर वेळी दुरुस्तीसाठी, विजेसाठी आणि शिक्षकाला ते वापरायला शिकवण्यासाठी लागणारे पैसे अंदाजपत्रकात नव्हते. मग आपण दर वेळी त्याला प्रयोग का म्हणतो? प्रयोगातून काहीतरी शिकायचं असतं.

आता मी जिथं तंत्रज्ञानाच्या बाजूनं ठाम उभा आहे ती जागा. मेळघाटात कोरकू बोलणारं, गडचिरोलीत गोंडी बोलणारं, सातपुड्यात पावरी बोलणारं मूल सहाव्या वर्षी शाळेत येतं आणि बाईंचं एक वाक्य त्याला कळत नाही. बाईंनाही त्याचं कळत नाही. या मुलाला त्याच्या बोलीतल्या गोष्टी, गाणी, सूचना ऐकवणारं यंत्र मिळालं, तर ते कोणाचीही जागा घेत नाही. तिथं आधी शांतताच होती. अंध मुलाला बोलकं पुस्तक मिळणं, कमी ऐकू येणाऱ्या मुलाला खुणांच्या भाषेतला धडा मिळणं, हेही तसंच. इथं विरोध करणं हा करंटेपणा होईल. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा सगळीकडे क्यूआर कोडचं कौतुक झालं. पुढं ते कोड आपल्या पाठ्यपुस्तकांच्या पानांवर आलेही. पण त्या कहाणीचा पहिला भाग विसरला गेला. मुलींची घरची भाषा कन्नड आहे, पुस्तकाची मराठी त्यांना कळत नाही, हे आधी त्यांनी ओळखलं, ती भाषा त्यांनी आपलीशी केली, आणि मग कोड आला. आपण राज्यभर पोचवला तो कोड. भाषा ओळखणारा शिक्षक पोचवायचा राहिला.

बहुवर्ग शाळेचा मुद्दाही मी सोडत नाही. एकच शिक्षक पहिली-दुसरी एकत्र घेतो, तेव्हा दुसरीला वीस मिनिटं सरावाला बसवून पहिलीजवळ जाणं ही त्याची रोजची गरज आहे. त्या वीस मिनिटांत पडदा गुंतवून ठेवतो. पण काय गुंतवून ठेवतो तेही बघा. पडद्यावर बाराखडीचं गाणं लागतं, अख्खा वर्ग सुरात म्हणतो, बाहेरून ऐकणाऱ्याला वाटतं सगळ्यांना येतंय. गाणं थांबवून फळ्यावर 'कि' लिहा आणि एकेकाला विचारा. देवनागरीत ही वेलांटी लिहायची आधी आणि म्हणायची नंतर. हे ज्यानं हातानं पंचवीस वेळा लिहिलंय त्याच्या बोटांत बसतं. नुसतं ऐकणाऱ्याच्या कानात गाणं बसतं आणि डोळ्यांसमोर अक्षर अनोळखीच राहतं. अमेरिकेत कॅरिन जेम्स आणि सहकाऱ्यांनी अजून वाचायला न शिकलेल्या पाच वर्षांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासातही हेच दिसलं होतं: स्वतः हातानं काढलेलं अक्षर पाहताना मेंदूतले वाचनाचे भाग जागे होतात, कळ दाबून उमटवलेलं पाहताना तसे होत नाहीत. रोमन लिपीच्या सव्वीस अक्षरांसाठी हे खरं असेल, तर आपल्या काना-मात्रा-जोडाक्षरांसाठी हाताचं मोल किती असेल? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात शिंपले, बिया, पानं घेऊन बालशिक्षण उभं केलं, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा नेली. पैसा नव्हता म्हणूनच फक्त त्यांनी ते साहित्य वापरलं, असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय आहे. लहान मूल हातानं विचार करतं, हे त्यांना ठाऊक होतं.

कोविडच्या काळात पडद्याला सगळी जागा मोकळी मिळाली होती. मार्च २०२० मध्ये बंद झालेले प्राथमिक वर्ग महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ मध्ये उघडू लागले. 'शाळा बंद पण शिक्षण आहे' या घोषणेखाली दुवे पाठवले गेले. सह्याद्रीवर 'टिलीमिली' मालिका लागली आणि तिनं मुलांना घरातल्याच वस्तूंनी काही करायला सांगितलं, म्हणून ती उजवी ठरली. असरच्या आकड्यांनुसार स्मार्टफोन असलेली ग्रामीण घरं २०१८ मधल्या छत्तीस टक्क्यांच्या आसपासून २०२२ मध्ये पंचाहत्तरपर्यंत गेली. त्याच चार वर्षांत सरकारी शाळांतल्या तिसरीच्या वाचू शकणाऱ्या मुलांचं प्रमाण २०.९ वरून १६.३ वर आलं. फोनमुळे वाचन घसरलं असं मी म्हणत नाही. शाळा बंद होत्या म्हणून घसरलं. पण घरात फोन असून तो ती घसरण थांबवू शकला नाही, एवढं तरी यातून मान्य करू या.

आणि आता त्या जागेकडे येतो जिच्याबद्दल दोन्ही बाजू गप्प आहेत. आज जिल्हा परिषदेच्या शाळेत सगळ्यात जास्त वापरलं जाणारं यंत्र म्हणजे शिक्षकाचा स्वतःचा मोबाइल. सरल आणि युडायस प्लस ही शाळेची माहिती भरायची सरकारी पोर्टलं, पोषण आहाराची रोजची नोंद, आधार जुळवणी, अपार आयडी हा प्रत्येक मुलाचा ओळख क्रमांक, चॅटबॉटवरची हजेरी, कार्यक्रमाचे फोटो, फोटोंच्या लिंका, लिंकांचे अहवाल. गटावर निरोप येतो: 'अत्यंत तातडीचे, माहिती आज दुपारी दोनपर्यंत.' वर्गात बावन्नातून सत्तावीसची वजाबाकी चालू असते. नेटवर्क नसेल तर गुरुजी मोबाइल घेऊन शाळेमागच्या टेकाडावर जातात आणि वर्ग पडद्यापुढं बसवून जातात. म्हणजे आधी एका यंत्रानं शिक्षकाला वर्गातून उचललं, मग दुसऱ्यानं त्याची रिकामी जागा भरली, आणि अहवालात दोन्हींची नोंद 'तंत्रज्ञानाचा प्रभावी वापर' अशी झाली. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमानं जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामाला लावायला मनाई केली आहे. माहिती भरणं हे 'शैक्षणिकच' काम आहे, असं म्हणून हे कलम रोज वळसा घालून ओलांडलं जातं. पडद्यामुळे मुलाची एकाग्रता जाते, यावर आपल्याकडे परिसंवाद होतात. शिक्षकाची एकाग्रता दिवसातून किती वेळा तोडली जाते, यावर एकही होत नाही.

काय करावं याबद्दल मला फार शंका नाही. पहिली-दुसरीत मुलाच्या हातात पडदा नको. गाणी-गोष्टी ऐकवायला, शिक्षकांना नमुना धडे पाहायला, बोलीतलं साहित्य पोचवायला यंत्र जरूर हवं. तिसरी-चौथीत सरावासाठी, मोजक्या वेळापुरतं, आणि शिकवण्याचा तास न खाता. खरेदी करताना पाच वर्षांची दुरुस्ती आणि वीजबिल त्याच आदेशात मंजूर झालेलं असावं, नाहीतर खरेदी होऊ नये. तिसरीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम वर्गीकरण करणं, नियम ओळखणं, अंदाज बांधून तो तपासणं असा बिया-पानांनी शिकवता येणारा असेल, तर त्याला माझा विरोध नाही, ते चांगलं गणितच आहे. त्यासाठी उपकरणांची नवी निविदा निघणार असेल, तर मात्र ती निघण्याआधी त्या शाळांतल्या तिसरीच्या किती मुलांना वाचता येतं, हे शाळा व्यवस्थापन समितीपुढं मोठ्यानं वाचून दाखवावं.

आणि सगळ्यात आधी प्रत्येक केंद्रशाळेत माहिती भरण्यासाठी एक कर्मचारी नेमावा. एका केंद्राखाली साधारण दहा शाळा येतात. त्यांची सगळी ऑनलाइन कामं त्यानं करावीत, आणि शाळेच्या वेळात शिक्षकाकडून कोणतीही माहिती मागवायची नाही असा आदेश ग्रामविकास आणि शालेय शिक्षण या दोन्ही खात्यांनी मिळून काढावा. याला पैसे लागतील. ते किती, याचा हिशेब विधिमंडळात मांडा, आणि शाळांसाठी घेतलेल्या टॅब, प्रोजेक्टर आणि स्मार्ट टीव्हींवर आजवर किती खर्च झाला आणि त्यांतले किती आज चालू आहेत, हा तक्ताही त्याच दिवशी पटलावर ठेवा.